एका पखवाजाला किती माइक?

भातकापणी आटोपून झोडणी चालू होती, त्या दिवसांत मुरबाड तालुक्यातला एक कॉलेजचा मुलगा मला भेटायला कल्याणला आला. सरळगावच्या पुढे, रस्ता सोडून आत त्याचं गाव. घरात आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि हा स्वतः लग्नसराईत एका बेंजो पार्टीत जॅझ ड्रम वाजवतो. त्याने मोबाइल काढून मला एक फोटो दाखवला. काळी पेटी, आत फोममध्ये आपापल्या खळग्यात बसवलेले सात माइक.

"काका, हे किट घेतोय. हप्त्याने मिळतंय. पहिला हप्ता भाताच्या पैशातून. घरातच रेकॉर्डिंग करायचं, आमचंही आणि आजोबांचंही. बरोबर आहे ना?"

मी विचारलं, सात माइक लावशील कशात? म्हणाला, पार्टीचा मिक्सर आहे की. आणि मिक्सरमधून पुढे? लॅपटॉपला एक वायर. मी म्हटलं, बाबा रे, पैसे दिले नसशील तर आज देऊ नकोस.

त्याला जे सांगितलं तेच आज तुमच्यापुढे मांडतो आहे, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार-डहाणूकडचा तारप्याचा मुलूख तिकडे गेला. हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. इथे वर्षभर कुठे ना कुठे कातडं वाजत असतं. हरिनाम सप्ताहात पखवाज, ठाकरांच्या नाचाला ढोल, गोंधळाला संबळ, हळदीला बेंजो, गणपतीला ताशा. आणि आता घरोघर मोबाइल असल्यामुळे हे सगळं टिपून ठेवावं, लोकांना ऐकवावं, असं पोरांना वाटतं. वाटायलाच हवं. फक्त मोबाइलवर ढोल घेऊन पाहा. पहिल्या थापेला आवाज फाटतो, मग फोन स्वतःच घाबरून आवाज खाली ओढतो, थाप संपली की पुन्हा वर आणतो, आणि मागची कुजबुज ढोलाएवढी मोठी होते. बोलण्यासाठी बनवलेलं यंत्र ते. त्याच्याकडून ढोलाची अपेक्षा करणं म्हणजे चहाच्या गाळणीने भात पाखडणं.

म्हणून माइक घ्यायचे, इथपर्यंत त्या मुलाचं बरोबर होतं. पण त्या पेटीतले सात माइक कोणासाठी आहेत, हे त्याने पाहिलं नव्हतं. ते पाश्चात्त्य ड्रम सेटसाठी आहेत. पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला एक, स्नेअरला एक, टॉमना तीन, आणि वरच्या झांजांना दोन. पखवाज एकच, तोंडं दोन. संबळाची भांडी दोन. ढोलाला दोन तोंडं, पण काठी आणि हात वेगवेगळे बोलतात. यांच्यासाठी सात माइकांची पेटी घेणं म्हणजे दोन माणसांच्या घरात सप्ताहाच्या पंगतीची भांडी आणण्यासारखं.

आता मी त्याला इतक्या ठामपणे का अडवलं, त्याचं कारण सांगतो. ते माझ्याच चुकीचं आहे.

२००४ सालची गोष्ट. शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूच्या एका गावात सप्ताह होता आणि तिथे एक वयस्कर पखवाजी येत. त्यांच्या डाव्या हाताची ख्याती होती. मंडळी म्हणायची की त्यांची डावी थाप कानांत नाही, बसलेल्या जमिनीतून येते. मी उत्साहाने चार माइक, एक मिक्सर आणि लॅपटॉप घेऊन गेलो. दोन माइक पखवाजाच्या दोन तोंडांना, एक समोर, एक जरा उंचावर. हेडफोन लावून ऐकलं, दणदणीत वाटलं. दुसऱ्या दिवशी घरी साध्या स्पीकरवर लावलं, तर बुवांचा डावा हात गायब. बोल ऐकू येतात, उजवा हात टणटणीत, पण खर्ज असा की कोणी रिकाम्या डब्यावर वाजवतंय. आणि चारही माइक मी मिक्सरमधून एकत्र करून फक्त दोन ट्रॅकवर घेतले होते. शिऱ्यातून साखर जशी परत काढता येत नाही, तसं त्यातून काहीच वेगळं करता येईना. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ म्हटलं. पुढच्या सप्ताहाआधीच बुवा गेले.

काय झालं होतं? पखवाज डोळ्यांपुढे आणा. डाव्या पुडीवर थाप पडली की ती पुडी आत दबते. आतली हवा कुठे जाणार? ती उजव्या पुडीला बाहेर रेटते. म्हणजे एकाच क्षणी डाव्या माइकसमोरचं कातडं माइकपासून दूर जातं आणि उजव्या माइकसमोरचं कातडं माइककडे येतं. एका माइकच्या तारेत लाट खाली, दुसऱ्याच्या तारेत वर. वेगवेगळं ऐकलं तर दोन्ही उत्तम. पण दोन्ही एकत्र मिसळले की खालचे सूर एकमेकांना खातात. झोक्यावर बसलेल्या पोराला एकाने पुढे ढकलावं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने मागे ओढावं, तसं. दोघेही ताकद लावतायत, झोका मात्र जागेवर. हेडफोनवर हे कळलं नाही, कारण डावा माइक डाव्या कानात आणि उजवा उजव्या कानात होता. एका स्पीकरवर दोन्ही एकत्र आले आणि पोल खुलली.

(भाषणात इथे दोन नमुने ऐकवले होते. छापील पानावर वर्णनावरच भागवावं लागेल.)

यावरचा उपाय ऐकून हसाल. एका माइकची लाट उलटी करायची, बस. चांगल्या मिक्सरवर किंवा कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं एक बटण असतं. शून्यावर तिरकी रेघ मारलेलं चिन्ह त्यावर असतं. दोन्ही माइक एका स्पीकरवर एकत्र ऐकायचे, बटण दाबायचं, सोडायचं, आणि ज्या बाजूला खर्ज भरतो ती बाजू ठेवायची. दहा सेकंदांचं काम. २००४ साली ते दहा सेकंद मी दिले नाहीत.

दुसरी गडबड अंतराची. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला जवळजवळ एक सहस्रांश सेकंद. समजा शंभर कंपनांचा खर्ज आहे. त्याची एक पूर्ण लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब. एक माइक वाद्याजवळ आणि दुसरा त्याहून पावणेदोन मीटर लांब असेल, तर पहिल्यात लाट वर असताना दुसऱ्यात ती खाली पोचते, आणि पुन्हा तोच झोक्याचा खेळ. जितके माइक जास्त, तितक्या अशा जोड्या जास्त. दोन माइकांची एक जोडी होते. सात माइकांच्या एकवीस होतात. ही एकवीस भांडणं सोडवायला मोठ्या स्टुडिओत मुरलेला माणूस बसलेला असतो. आपल्या ओटीवर कोण बसणार?

माइक वाढले की आवाज सुधारतो, हा समज तसा नवाच. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा माइक नव्हताच. एक कर्णा असायचा, त्यात तोंड घालून गायचं. त्या काळी ढोलाला कर्ण्यापासून लांब बसवत, कारण जोराच्या थापेने कोरणारी सुई उडायची. १९२५ च्या सुमारास विजेवरचं मुद्रण आलं, माइक आला, आणि पुढची कित्येक वर्षं एक-दोन माइकांतच सगळं भागलं. कोण मोठा ऐकू यावा हे बटणाने ठरत नसे, कोण किती जवळ बसतो यावर ठरे. सतरंजीवर बसण्याची ती शिस्त आजही फुकट मिळते.

आणि घरातल्या मुद्रणाचं म्हणाल, तर जगात गाजलेला एक ड्रमचा आवाज घरातच टिपला गेला आहे. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात १९७०-७१ च्या हिवाळ्यात लेड झेपलिन हा बँड मुक्कामाला होता. ते घर १७९५ साली गरिबांच्या आश्रयासाठी बांधलेलं. ड्रम ठेवले जिन्याच्या पायथ्याच्या दिवाणखान्यात, आणि अँडी जॉन्स या मुद्रकाने वर जिन्यातून दोन माइक खाली तोंड करून लटकवले. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्याचे ते ड्रम. दोन माइक! बाकीचं काम त्या उंच जिन्याने केलं.

आपल्याकडे तसा जिना नसतो, पण खोली असतेच, आणि माझ्या मते पहिला खर्च खोलीवर करावा. खर्च म्हणजे पैसे नव्हेत, मेहनत. रिकाम्या खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' असा धातूचा आवाज आला, तर ती खोली ढोलाला वाईट. नव्या स्लॅबच्या घरांत हे हमखास होतं. चारही भिंती गुळगुळीत, खाली लादी, वर सिमेंट. बुवांच्या जुन्या कौलारू घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, तीच टाळी मऊ पडते. कौलांच्या फटींतून आवाज निघून जातो. जुनं घर पाडायचा विचार असेल तर रेकॉर्डिंग आधी उरका, असं मी त्या मुलाला गमतीने म्हणालो.

स्लॅबच्या खोलीतही पुष्कळ करता येतं. दोरीवर गोधड्या टांगा. भिंतीला चिकटवून नको, वीतभर पुढे. कोपऱ्यांत भाताची भरलेली पोती रचा. खर्ज कोपऱ्यांत घुमतो आणि त्याला जाड, जड वस्तूच लागते. पेंढ्याचे भारे असतील तर फारच छान, फक्त शिंका येतात. वाद्याच्या डोक्यावर, छताखाली एक सतरंजी ताणून बांधा. अंड्यांचे पुठ्ठे मात्र लावू नका. ते लावलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत. खर्ज त्यातून अडत नाही, आणि उंदीर येतात ते वेगळंच.

पावसाळ्यात पत्र्याखाली मुद्रणाचा विचारच सोडा. आसनगाव-खर्डीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी गाड्यांच्या वेळा लिहून ठेवाव्यात. कसाऱ्याकडे चढणाऱ्या मालगाडीची घरघर कानाला कळत नाही, पण पखवाजाच्या माइकला कळते. पंखा बंद, फ्रिज बंद. जुन्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो आणि मग सगळ्या आवाजाखाली 'हंम्म' असा विजेचा सूर लागतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घ्या, पुष्कळदा तो जातो.

आता खरेदी. त्या मुलाला मी पहिल्यांदा सांगितलं ते माइकबद्दल नव्हतं. ऑडिओ इंटरफेसबद्दल होतं. माइकची वीज फार क्षीण असते. ती वाढवून, तिचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारी ही पेटी. तिच्यावर माइकची किती भोकं आहेत आणि त्यातली एकाच वेळी किती वेगवेगळ्या ट्रॅकवर जातात, हे दोन प्रश्न दुकानात उभं राहून विचारायचे. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बाजारात असे पुष्कळ मिक्सर आहेत की ज्यांना आठ माइक लागतात, यूएसबीची वायरही असते, पण त्या वायरीतून कॉम्प्युटरला दोनच चॅनेल जातात. म्हणजे पुन्हा माझाच शिरा. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर आला, तर उद्या चूक सापडली तरी ती लाट उलटी करता येते, एखादा माइक बंद करता येतो.

किती भोकांचा घ्यावा? एकट्या पखवाजाला किंवा ढोलकीला दोन पुरतात. पखवाज, टाळ, पेटी आणि गाणारे बुवा असं मंडळ असेल किंवा जॅझ ड्रम असेल, तर चार. आठांची गरज घरी क्वचितच लागते. किमती सतत बदलतात, पण दोन माइकांचा बरा इंटरफेस साधारण दहा ते वीस हजारांच्या घरात येतो आणि चार किंवा आठांचा त्याच्या दुपटी-तिपटीत. त्यावर ४८ व्होल्टचं बटण आहे ना, हेही बघा. कंडेन्सर जातीच्या माइकांना ती वीज लागते.

सॉफ्टवेअरला पैसे पडलेच पाहिजेत असं नाही. ऑडॅसिटी फुकट आहे, पण विंडोजवर एकाच वेळी चार चॅनेल घेताना तिथे अडखळायला होतं. रीपर साठ दिवस वापरून बघता येतं आणि नंतरची किंमतही फार नाही.

माइक दोन जातींचे. डायनॅमिक माइक दणकट, मोठा आवाज सोसणारा, लांबचं फारसं न ऐकणारा. कंडेन्सर नाजूक कानांचा. टाळांची किणकिण आणि थापेची धार तो सुरेख घेतो, पण घरातला कुकर आणि शेजारचं कुत्रंही घेतो. गोधड्या लावलेल्या शांत खोलीत कंडेन्सर घ्या. घुमणाऱ्या खोलीत डायनॅमिक घ्या आणि जवळ लावा. डायनॅमिकमध्ये शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ पासून जवळपास त्याच रूपात चालत आला आहे आणि जगभर ढोलांसमोर उभा आहे. हाच घ्या असा माझा आग्रह नाही. त्या धर्तीचे निम्म्या किमतीचेही चालतात. पण नामांकित माइकांच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. फारच स्वस्त मिळत असेल तर पावती आणि वॉरंटी मागून पाहा. दुकानदाराचा चेहराच उत्तर देतो.

ज्या सात माइकांचं किट तो मुलगा घेणार होता, त्या पैशात दोन चांगले डायनॅमिक, भक्कम स्टँड आणि बरे हेडफोन येत होते. स्टँडचं लोकांना महत्त्व वाटत नाही. हलका स्टँड ढोलाच्या थापेने हलतो, घसरतो, आणि एक इंच घसरला की आवाज बदलतो. पायाशी रेतीची पिशवी ठेवा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर समोरचा पखवाज थेट कानात येतो आणि माइकमधून काय येतंय ते कळतच नाही.

ज्यांना ठाकरवाडीतला नाच किंवा पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेतलं वाजवणं उघड्यावर टिपायचं आहे, त्यांच्यासाठी हे सगळं बाजूला ठेवा. हातात मावणारे रेकॉर्डर मिळतात. दोन माइक अंगचेच, काहींना आणखी दोन जोडता येतात, आणि साध्या सेलवर चालतात. माइकला वाऱ्याची लोकरी टोपी घाला आणि नाचाच्या रिंगणाबाहेर उभे राहा. काम होतं.

तर मी त्या मुलाच्या गावी गेलो, माझेच तीन माइक आणि एक चार भोकांचा इंटरफेस घेऊन. बुवा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आमच्या वायरींकडे पाहिलंही नाही. आधी कणीक भिजवली. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा थर देतात, त्यानेच तो खर्ज येतो. तासाभरात कणीक सुकायला लागली की आवाज वर चढतो. मग त्यांनी हातोडीने गठ्ठे ठोकून उजवी पुडी पेटीच्या सुराला लावली. वीस मिनिटं गेली. मुलगा चुळबुळत होता. मी त्याला म्हटलं, हे बघून घे, बाजारात मिळत नाही. न लागलेल्या वाद्यासमोर लाखाचा माइक ठेवला, तरी तो न लागलेलंच वाद्य ऐकवणार.

त्या उजव्या पुडीवरच्या काळ्या शाईचं एक सांगतो. साध्या कातड्यावर थाप मारली की निघणारे सूर एकमेकांच्या नात्यात नसतात, म्हणून साध्या ढोलाला ठरावीक सूर नसतो. शाईमुळे त्या कातड्याचं वजन मध्यावर वाढतं आणि निघणारे सूर तंतुवाद्यासारखे नात्यात येतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात हे मांडलं. मुद्रण करणाऱ्याला याचा उपयोग असा, की उजव्या पुडीला फक्त 'टक' असा आवाज नाही, गाणं आहे. माइक कातड्याला चिकटवलात तर बोटांची टकटकच येते आणि गाणं हरवतं.

आम्ही उजव्या बाजूला एक माइक दीड वीत अंतरावर, पुडीच्या कडेकडे किंचित तिरका ठेवला. डाव्या बाजूचा हातभर लांब, कारण खर्जाला फुलायला जागा लागते. टाळकऱ्यांना माइकांच्या पाठीमागे बसवलं. हे माइक पाठीकडून बहिरे असतात, तो बहिरेपणा कामाला लावायचा. लांबचा माइक आणि जवळचा माइक यांच्यासाठी एक जुना हिशेब आहे: माइक वाद्यापासून एक हात असेल, तर दुसऱ्या वाद्याचा माइक त्यापासून निदान तीन हात लांब ठेवा, म्हणजे भांडण फारसं ऐकू येत नाही. पेटी आणि गाणं यांच्यासाठी तिसरा माइक आम्ही असाच मोजून लावला.

मग दोन मिनिटं वाजवून घेतलं आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर लावलं. मुद्दाम तिथेच, कारण निम्मे लोक तिथेच ऐकणार. खर्ज पातळ. मुलाला सांगितलं, उजव्या ट्रॅकची लाट उलटी कर. त्याने केली. मोबाइलच्या एवढ्याशा तोंडातून खर्ज तो काय येणार, पण फरक कळला. हेडफोन बुवांच्या कानाला लावले, दोन्ही ट्रॅक दोन्ही कानांत एकत्र करून. त्यांनी थोडं ऐकलं. म्हणाले, "हां. आता डावा हात माझा वाटतो." आणि लगेच, "कणीक सुकली. पुन्हा लावतो, मग घ्या."

बुवा कणीक लावेपर्यंत आम्ही मुलाच्या जॅझ ड्रमकडे वळलो. त्यासाठी एक सुतळी पुरते. एक माइक स्नेअरच्या बरोबर वर, साडेतीन-चार फुटांवर. दुसरा उजव्या हाताला, जमिनीवरच्या मोठ्या टॉमच्या पलीकडून स्नेअरकडे बघणारा. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचं आणि दोन्ही माइक बरोबर तेवढ्याच अंतरावर आणायचे, म्हणजे स्नेअरची थाप दोघांकडे एकाच वेळी पोचते. तिसरा माइक पायाच्या ड्रमला, आणि वाटलंच तर चौथा स्नेअरला. ग्लिन जॉन्स या इंग्रज मुद्रकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत रुळवली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. हेडली ग्रेंजमधल्या अँडीचा हा थोरला भाऊ. आमच्याकडे तीनच माइक होते, तीनांतच वाजवून घेतलं. मुलगा ऐकून म्हणाला, झांजा जास्त येतायत. मी म्हटलं, तू त्या जास्त वाजवतोस. त्याच्या आजोबांना हे फार आवडलं.

आवाजाची पातळी ठेवताना पोरं काटा लाल रेषेपर्यंत नेतात. तसं करू नका. सगळ्यात मोठ्या थापेला काटा उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या. आजचे इंटरफेस २४ बिटांत घेतात, हळू घेतलेला आवाज नंतर वाढवता येतो; फाटलेला शिवता येत नाही. आणि 'नुसती चाचणी' म्हणून वाजवणारा माणूस प्रत्यक्षात दीडपट जोराने वाजवतो, हे धरून चाला.

मुलाने शेवटी चार भोकांचा इंटरफेस आणि दोन डायनॅमिक माइक घेतले. हप्त्याने नाही, दोन टप्प्यांत, लग्नसराईचे पैसे आल्यावर. कंडेन्सरची जोडी पार्टीतल्याच एका मित्राकडून लागेल तशी आणतो. सात माइकांच्या पेटीचा फोटो अजून त्याच्या मोबाइलमध्ये आहे.

एक गोष्ट त्याला दोनदा बजावली. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला, वाजवण्याआधी, माइकसमोर वाजवणाऱ्याने स्वतः नाव, गाव, तारीख आणि वाद्य सांगायचं. फाइलची नावं बदलतात, लॅपटॉप बिघडतात, बोललेलं तिथेच राहतं. आणि त्याच रात्री दोन प्रती करायच्या, एक घरात आणि एक दुसऱ्या गावात, नातेवाइकांकडे का असेना. २००४ च्या माझ्या त्या फसलेल्या मुद्रणातही सुरुवातीला बुवांनी आपलं नाव आणि गाव सांगितलं आहे. तेवढं मात्र अगदी स्वच्छ ऐकू येतं.